नट आवळण्याआधी

हँडब्रेक ढिला झाला की पहिला हात जातो तो केबलच्या नटाकडे. दोन सीटांमधलं प्लास्टिकचं झाकण उचकटलं की नट समोरच दिसतो. पाना लावायचा, चार आटे आवळायचे, लिव्हर पुन्हा लवकर धरू लागतो आणि गाडीवाला पैसे देऊन निघतो. पाच मिनिटांचं काम. माझं म्हणणं असं की मागच्या चाकांना डिस्क असलेल्या गाडीत हे काम सगळ्यात शेवटी करायचं असतं, आणि पुष्कळदा ते करावंच लागत नाही. मी हे हट्टानं सांगतो, कारण आवळलेल्या नटाआड दडलेला बिघाड मी बऱ्याच गाड्यांखाली पाहिला आहे.

माझी नोकरी टर्नर ट्रेडच्या मुलांना लेथ शिकवण्यात गेली. निवृत्त होऊन रत्नागिरीजवळच्या घरी राहायला आलो आणि हळूहळू घरच्यांच्या, मग शेजाऱ्यांच्या गाड्या अंगणात येऊ लागल्या. लेथवरच्या माणसाच्या हाताला मापाची सवय असते, आणि ब्रेकचं काम हे बरंचसं मापाचं काम आहे. मला ते मनापासून आवडतं.

इकडे मागच्या डिस्क झिजण्याआधी कुजतात. ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे झुकतो, मागची चाकं हलकी होतात आणि थांबवण्याचं बहुतेक काम पुढचे ब्रेक करतात. मागच्या डिस्कला घासणं कमी, तापणं कमी. डिस्क ओतीव लोखंडाची. पावसाळ्यात रात्रभर गाडी उभी राहिली तरी सकाळी तिच्यावर तांबूस थर असतो. पुढच्या डिस्कवरचा तो थर पहिल्या दोन-चार ब्रेकांत पुसला जातो. मागचा पुरता पुसलाच जात नाही. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस, त्यात समुद्रावरून येणारी खारी हवा, आणि गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच फिरणारी असेल तर त्या थराला खाली खड्डे पाडायला भरपूर वेळ मिळतो.

शेजारची मुलगी आरोग्य केंद्रात परिचारिका आहे. वडिलांची जुनी सेडान तीच चालवते. केंद्र चढावर, गाडी उभी करायची जागाही उतारावरच, आणि रात्रपाळीला गाडीशिवाय सोय नाही. एके दिवशी ती येऊन म्हणाली, "काका, हँडब्रेक पार वरपर्यंत ओढला तरी गाडी सरकते. केबल आवळून घेतली की आठवडाभर बरं असतं, मग परत तेच."

"मागची चाकं गरम होतात का, बघितलंस कधी?"

"चाकांना कशाला हात लावेन मी?"

"हात लावायचा नाही. नुसता जवळ न्यायचा."

तिला म्हटलं, भाट्याच्या पुलापर्यंत जाऊन ये, होता होईल तो ब्रेक न दाबता, आणि आल्यावर हँडब्रेक न ओढता सपाटीवर उभी कर. ती आली. डाव्या मागच्या चाकाजवळ कोमट वाटत होतं. उजव्याजवळ तळहात धरवत नव्हता आणि जळक्या पॅडचा वास येत होता. दुरून तापमान सांगणारा छोटा थर्मामीटर हल्ली स्वस्तात मिळतो. त्यानंही उजवी डिस्क डावीच्या दुपटीहून गरम दाखवली. म्हणजे एकाच गाडीत दोन तक्रारी दिसत होत्या. ओढल्यावर हँडब्रेक धरत नाही आणि सोडल्यावर एक चाक सुटत नाही. वरवर पाहता एकमेकींच्या विरुद्ध, पण मूळ एकच असतं, आणि ते समजायला कॅलिपरच्या आत काय चालतं ते माहीत हवं.

अशा गाड्यांत मागच्या कॅलिपरचा पिस्टन दोन धन्यांची चाकरी करतो. पायाचा ब्रेक दाबला की ब्रेक ऑइलचा दाब त्याला पुढे ढकलतो. हँडब्रेक ओढला की केबल कॅलिपरच्या पाठीवरचा छोटा लिव्हर फिरवते आणि आतला स्क्रू तोच पिस्टन यांत्रिक जोरानं पुढे रेटतो. पॅड झिजतात तसं अंतर वाढत जातं. ते अंतर हा स्क्रू आपोआप भरून काढतो, पण त्यासाठी हँडब्रेक सोडल्यावर पाठीवरचा लिव्हर पूर्ण मागे, आपल्या टेकूवर जाऊन बसावा लागतो. त्या लिव्हरचा दांडा एका सीलमधून आत जातो. सील म्हातारं झालं की पाणी आत शिरतं, दांडा गंजतो, आणि स्प्रिंगला तो मागे ओढवत नाही. लिव्हर अर्धवट अडकतो. मग पॅड डिस्कला चिकटून घासत राहतात, म्हणून चाक तापतं. आणि अर्ध्यातच अडकलेल्या लिव्हरला पुढे जायला वाव कमी उरतो, अंतर भरून निघत नाही, म्हणून हँडब्रेक धरत नाही. अशा वेळी नट आवळला तर केबल लिव्हरला आणखी पुढे खेचून ठेवते. आठवडाभर बरं वाटतं ते त्यामुळे. त्या आठवड्यात उजवा पॅड जळत असतो.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला ९६ वा नियम गाडीला पायाचा ब्रेक आणि पार्किंग ब्रेक अशा दोन स्वतंत्र यंत्रणा असाव्यात असं सांगतो. त्यातला 'स्वतंत्र' हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. आंबा घाट उतरताना तेलाची नळी फुटली, तर तेलाशिवाय ब्रेक लावणारी एकच गोष्ट गाडीत उरते, ती म्हणजे ही केबल. म्हणून तिला उतारावर गाडी उभी करायची किरकोळ सोय समजू नये.

रविवारी काम काढलं. तिला म्हटलं, पाने तू धरायचे, मी शेजारी बसून सांगतो. चाकाचे नट चाक जमिनीवर असतानाच अर्धा आटा सैल केले, पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावले, गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि हँडब्रेक सोडला, कारण मागच्या ब्रेकचं काम करताना तो ओढलेला चालत नाही. मग जॅक आणि गाडीखाली लोखंडी स्टँड. आमच्याकडे गाडीखाली जांभ्याचा चिरा ठेवायची सवय आहे. चिरा घर तोलतो, कारण तिथं भार सारखा पसरतो. गाडीचा भार एका बोटभर जागेवर येतो आणि भिजलेला चिरा त्याखाली सूचना न देता फुटतो. नुसत्या जॅकवर किंवा चिऱ्यावर उभ्या असलेल्या गाडीखाली मी कुणालाही जाऊ देत नाही, मग त्याला राग आला तरी चालेल.

चाक काढलं. बाहेरून डिस्क चकचकीत दिसत होती. अलॉयच्या फटीतून जी दिसते आणि पाहून माणसं निर्धास्त होतात ती हीच बाजू. आरसा धरून आतली बाजू बघ म्हटलं. आतल्या बाजूला मधोमध बोटभर रुंदीचाच पट्टा घासला जात होता, त्याच्या वर-खाली खरखरीत गंज, कडेला पापुद्रे. तिनं स्वतःहून व्हर्नियर उचलला आणि कडेवर लावला. साडेनऊ मिलिमीटर. डिस्कच्या टोपीवर किमान जाडी ८ अशी ठोकलेली होती. ती म्हणाली, "मग चांगली आहे की." मी तिला मायक्रोमीटर दिला. डिस्कच्या कडेला, जिथं पॅड पोचत नाही, तिथं न झिजलेला आणि वर गंजून फुगलेला ओठ तयार होतो. व्हर्नियरचे जबडे त्या ओठावर टेकतात आणि खोटं माप सांगतात. मायक्रोमीटरचं टोक ओठ ओलांडून आत, प्रत्यक्ष घासल्या जाणाऱ्या जागेवर जातं. तिथं ८.२ आलं, आणि खड्ड्यांत त्याहून कमी. लेथवर दोन्ही बाजूंनी हलका कट मारला असता तरी ती आठच्या खाली गेली असती. डिस्क बदलायची, आणि बदलायची तर जोडीनं. एका बाजूला नवी, दुसऱ्या बाजूला जुनी असली की दोन चाकं सारखी धरत नाहीत.

कॅलिपर सोडवला. तो ब्रेकच्या होजवर लोंबकळत सोडायचा नसतो, तारेनं स्प्रिंगला बांधून ठेवला. पॅड निघेनात. पॅडचे कान ब्रॅकेटच्या खाचेत स्टीलच्या पातळ पट्टीवर सरकतात. त्या पट्टीखाली ब्रॅकेट गंजतो, गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, पट्टी वर उचलली जाते आणि खाच अरुंद होते. पावसात फुगलेलं दार चौकटीत अडकावं तसा पॅड तिथं अडकतो. अशा वेळी पॅडचे कान कानशीनं घासून ढिले करणारे मी पाहिले आहेत. घासायचा असतो तो पट्टीखालचा ब्रॅकेट. पट्ट्या काढून तिनं तारेच्या ब्रशनं आणि सपाट कानशीनं खाच उघड्या लोखंडापर्यंत आणली, नव्या पट्ट्या बसवल्या, पॅड बोटानं सरकू लागला. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहून मला वर्गातली मुलं आठवली. पहिल्यांदा दोन भाग मापात बसले की ती अशीच दिसायची.

धुळीबद्दल मी कडक आहे. ब्रेकची धूळ तोंडानं फुंकायची नाही, कॉम्प्रेसरनं उडवायची नाही. जुन्या किंवा स्वस्त पॅडमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. मास्क लावायचा, ब्रेक क्लीनरनं भिजवायची आणि ओल्या फडक्यानं पुसायची. रॉकेल-डिझेलनं धुणं रबराला सोसत नाही.

कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्यातली खालची पिन कोरडी ठणठणीत होती. तिची रबरी टोपी फाटलेली. आतला पॅड बाहेरच्यापेक्षा निम्मा उरला होता, त्याचं एक कारण हे. पिनला सिलिकॉनचं, रबराला चालणारं ग्रीसच लावावं लागतं. साधं बेअरिंगचं ग्रीस लावलं की रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते.

आता लिव्हर. केबलचं टोक काढून घेतलं आणि तिला म्हटलं, दोन्ही बाजूंचे लिव्हर हातानं फिरवून बघ. डावा सोडताच टक् करून टेकूवर गेला. उजवा अर्ध्यावरच थांबला, हातानं ढकलावा लागला. माझ्या दृष्टीनं साऱ्या तपासणीतली ही सर्वात मोलाची घडी आहे, आणि नट आवळणारा माणूस नेमका इथपर्यंत येत नाही. खरं तर चाक न काढताही ही खूण मिळते. नट ज्या आडव्या पट्टीला ओढतो, तिच्या दोन टोकांना दोन केबली असतात. पट्टी तिरकी दिसली की एक बाजू कुठंतरी अडकली आहे असं समजावं. या गाडीत ती स्पष्ट तिरकी होती आणि तिच्यावरचा नट शेवटच्या आट्यापर्यंत आलेला होता.

अडकलेल्या लिव्हरवर गंज सोडवणारं तेल मारून, पन्नास वेळा मागे-पुढे करून तो मोकळा करता येतो. महिनाभर चालतोही. मी तसं करून गाडी परत देत नाही. सील फाटलेलंच राहतं, पाणी पुन्हा आत जातं. आतला स्क्रू आणि दाबून बसवलेली स्प्रिंग घरी उघडायला मी कुणाला सांगणार नाही, त्याला वेगळं हत्यार लागतं आणि चुकली तर डोळ्यावर उडते. उजवा कॅलिपर नवा मागवला. खर्च ऐकून ती थोडी गप्प झाली, पण डिस्क आणि पॅड नवे घालून त्यांच्यावर जुना अडकणारा कॅलिपर बसवणं म्हणजे नवे पॅडही जाळणं, हे तिला लगेच पटलं.

डाव्या बाजूचा पिस्टन मागे घ्यायचा होता, नव्या जाड पॅडना जागा करायला. इथं घाई करणाऱ्यांचा हात सी-क्लॅम्पकडे जातो. पुढच्या कॅलिपरला ते चालतं. मागचा पिस्टन आत स्क्रूवर बसलेला असतो, तो दाबत दाबत फिरवावा लागतो, नाहीतर अंतर भरणारी यंत्रणा मोडते. बहुतेक गाड्यांत घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं, पण काहींत डावी-उजवी उलट असते, म्हणून गाडीचं पुस्तक आधी बघावं. फिरवण्याचं हत्यार दोन पिनांचं असतं. पिस्टन आत गेला की त्याच्या तोंडावरची खाच पॅडच्या पाठीवरच्या खुंटीसमोर आली पाहिजे. ती आडवी राहिली तर पॅड वाकडा बसतो. पिस्टन मागे जाताना टाकीतलं ब्रेक ऑइल वर चढतं, म्हणून एक डोळा टाकीवर ठेवावा. ते रंगावर सांडलं तर रंग जातो. लगेच पाण्यानं धुवावं.

नव्या डिस्कची घाई नको. आधी हबचं तोंड. जुनी डिस्क काढल्यावर हबवर गंजाचे पापुद्रे राहतात, आणि त्यातला एखादा खाली राहिला तर नवी डिस्क फिरताना डगमगते. आज कळत नाही. काही हजार किलोमीटरनंतर पायाखाली पेडल थरथरू लागतं आणि दोष नव्या डिस्कला मिळतो. आम्ही हब ब्रशनं आणि पॉलिश पेपरनं घासून स्वच्छ केला, डिस्क चाकाच्या नटांनी आवळून बसवली आणि मी पेटीतून माझा जुना डायल काढला. काटा पाच शतांश मिलिमीटरच्या आत राहिला. घरी डायल नसेल तर हब नीट घासणं एवढं तरी करावंच.

केबलही पाहिली. उजव्या केबलच्या चाकाकडच्या टोकाची रबरी टोपी चिरलेली, आतली तार ओढायला जड. तिच्यात तेल सोडणारे पुष्कळ आहेत. तेल वाहून जातं, वाळू धरून ठेवतं. केबल बदलली. नव्या कॅलिपरला तेलाची नळी जोडल्यावर हवा काढली, आणि ब्रेक ऑइल जुनंच होतं म्हणून चारही चाकांकडून बदलून घेतलं. हे तेल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ तेल कोरडं असताना २३० अंश सेल्सिअसच्या खाली उकळत नाही, पाणी मुरलेल्या तेलासाठी तीच मर्यादा १५५ वर येते. घाटात लागोपाठ ब्रेक दाबणाऱ्याला हा फरक जिवाचा आहे. दर दोन वर्षांनी तेल बदलावं, कोकणात तर नक्कीच.

आणि मग केबलचा नट. तो सुरुवातीलाच पुरता सैल करून ठेवला होता. गाडी स्टँडवर असतानाच तिनं इंजिन चालू करून पायाचा ब्रेक पुन्हा पुन्हा दाबला, पेडल वर येईपर्यंत. आतल्या स्क्रूनं अंतर भरून घेतलं. त्यानंतर मी चाकाजवळ बसलो, ती आत. नट थोडा आवळायचा, मी लिव्हर बघायचा. लिव्हर टेकूवरून हलायच्या बेतात आला की थांबायचं, आणि जरासं मागे यायचं. दोन्ही लिव्हर टेकूवर, आडवी पट्टी सरळ. हँडब्रेक पाचव्या खटक्याला धरू लागला. सोडल्यावर दोन्ही चाकं बोटानं फिरली. चाकाचे नट टॉर्क पान्यानं आवळले, आणि गाडी हलवण्याआधी पुन्हा एकदा पेडल दाबून घेतलं. पॅड लांब असतील तर पहिलं पेडल जमिनीला जातं, ते रस्त्यावर कळायला नको. निवांत रस्त्यावर ताशी पन्नासवरून वीसवर बऱ्याच वेळा वेग उतरवला, मध्ये थांबून डिस्क थंड होऊ दिली, आणि शेवटी केंद्राच्या चढावर हँडब्रेकवर उभी केली.

सगळ्या गाड्या अशा नसतात. काहींत डिस्कच्या टोपीतच छोटा ड्रम असतो आणि हँडब्रेकचे वेगळे छोटे शू. तिथं डिस्क निघत नसेल तर हातोडा मारत बसू नये. आतला ताऱ्यासारखा अ‍ॅडजस्टर भोकातून सैल करावा, आणि डिस्कला आट्यांची दोन भोकं असतील तर त्यांत बोल्ट आवळत डिस्क बाहेर ढकलावी. बटणाच्या हँडब्रेकला हात लावण्याआधी मोटर मागे घ्यावीच लागते, बहुधा स्कॅनरनं, तो माझ्या अंगणातला विषय नाही.

तिच्या वडिलांशी मात्र माझा वाद झाला. पावसाळ्यात गाडी अंगणात उभी असली की ते हँडब्रेक गच्च ओढून ठेवत. ओल्या हवेत पॅड आणि डिस्क गंजानं एकमेकांना धरतात, आणि सोडवताना पॅडचा तुकडा डिस्कवर राहतो. सपाट अंगणात गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकांना दगड लावा आणि हँडब्रेक सोडा, असं मी सांगितलं. ते म्हणाले, "तीस वर्षं ओढत आलोय." मी त्यांना जुनी डिस्क आतल्या बाजूनं दाखवली. त्यांनी ती बराच वेळ हातात धरून पाहिली आणि दगड कुठले लावायचे ते विचारलं.

डावा कॅलिपर अजून मूळचाच आहे. दिवाळीत आणि मग पाऊस सुरू व्हायच्या आधी, चाकाआडून हात घालून त्याचा लिव्हर टेकूवर जातो का, हे बघायला मी तिला सांगितलं आहे. न गेला तर कॅलिपर मागवायचा. प्लास्टिकचं झाकण उघडायचं नाही.